लाओस म्हणजे आपली माणसं

माझे वडील जेवताना बोलत. तळलेल्या सरंग्याचा काटा दातांमधून ओढून ताटाच्या कडेला ठेवायचा, बोटं चाटायची आणि म्हणायचं, “आपण सगळे लाओस आहोत, लाओस.” त्यांच्या ओठांवरचं तेल चमकायचं. आज इतक्या वर्षांनी तो ग्रीक शब्द कुठं छापलेला दिसला, तरी मला आधी ते तेल दिसतं.

शब्द घरात आला तो चर्चमधून. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, वटारच्या अलीकडचं; केळी, पानवेली आणि विहिरींचं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, लॅटिनमधून मराठीत येऊन काही वर्षं झाली होती, पण माझ्या वडिलांच्या पिढीला अजून त्याचं नवल वाटे. जन्मभर जे फक्त गुडघे टेकून ऐकलं, ते आता कळत होतं, आणि वर आपल्यालाही वाचायला बोलावत होते. वडील चर्चच्या कमिटीचे प्रमुख होते. पहिल्यांदा माइकसमोर उभे राहून वाचन केलं त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आईला तीनदा विचारलं, “आवाज मागपर्यंत पोचला ना?”

तशात एक तरुण फादर आले. परदेशात शिकून आलेले, हुशार, बोलायला गोड. त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर जुन्या हॉलमध्ये शुभवर्तमानाचा वर्ग सुरू केला. मी वसईतल्या एका शाळेत मराठी शिकवत होते, शब्दांची आवड होती, म्हणून मीही जाऊन बसायची. फळ्यावर त्यांनी ग्रीक अक्षरं काढली आणि म्हणाले, “हा शब्द लाओस.”

मागून कुणीतरी विचारलं, “फादर, तो व्हिएतनामजवळचा देश?”

सगळे हसले. फादरही हसले. मग त्यांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे, कारण ते सुंदर होतं. हे मला नाकारता येत नाही. ते म्हणाले, ग्रीकमध्ये लोकांसाठी बरेच शब्द आहेत. वाट्टेल तशी जमलेली गर्दी असेल तर ‘ओख्लोस’. परके लोक असतील तर ‘एथ्ने’. पण देवानं आपलं म्हटलेल्या प्रजेसाठी धर्मग्रंथाच्या भाषांतरकारांनी ‘लाओस’ हा शब्द निवडला. त्यावरूनच पुढं ‘लाइकोस’ आला, म्हणजे लोकांपैकी असलेला, साधा माणूस, ज्याच्या गळ्यात पांढरी कॉलर नाही तो. “आणि आपण ज्याला लिटर्जी म्हणतो,” फादर म्हणाले, “त्यातही हाच शब्द आहे. लोकांचं काम. मिस्सा हे माझ्या एकट्याचं काम नाही. तुमचं आहे.”

मी विचारलं, “पण फादर, या शब्दाचं मूळ काय?”

“ते नक्की कुणालाच माहीत नाही. फार जुन्या युद्धकथांत लाओस म्हणजे सरदाराच्या मागे चालणारी माणसं, त्याची फौज. त्याच्याही मागं काय होतं, सांगता येत नाही. ग्रीकांनी एक गोष्ट मात्र रचली. मोठा पूर आला, सगळे बुडाले, एक म्हातारं जोडपं तेवढं उरलं. त्यांनी वाटेतले दगड उचलून खांद्यावरून मागं टाकले आणि दगडांची माणसं झाली. ग्रीकमध्ये दगडाला ‘लास’ म्हणतात. लास आणि लाओस. जुळवलेलं आहे, पण गोष्ट चांगली आहे.”

वडील पुढच्या बाकावर बसले होते. घरी येताना वाटभर ते शब्द घोळवत होते. एखाद्याला नवा कोट मिळावा आणि त्यानं तो घालूनच झोपावं, तसं झालं होतं त्यांना.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी एक बाई होती. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. माझ्या लहानपणापासून यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती आमच्याच धर्माची, तिच्या गळ्यातही क्रूस, पण गळ्यातला क्रूस सारखा असला म्हणून बसायची जागा सारखी होत नाही, हे आमच्या गावात मुलांनाही न शिकवता कळायचं. मावशी मागच्या दारानं यायची. टोपली विहिरीजवळच्या दगडावर उतरवायची. आईला हाक मारायची, “बाय, ताजी हान सरंगा. डोले बग कशे चमकतान.”

मासळी आई घ्यायची, पण निवड वडिलांची. ते स्वतः उठून मागं जायचे, टोपलीवर वाकायचे, कल्ले उघडून बघायचे. मावशीच्या हातच्या मासळीशिवाय त्यांना घास जात नसे. दुसरीकडची आणली तर ताट सारायचे. आणि मावशी निघून गेली, की विहिरीजवळच्या त्या दगडावर गड्याकडून दोन बादल्या पाणी ओतून घ्यायचे. “मासळी चांगली,” म्हणायचे, “पण त्या लोकांच्या अंगाचा वास जात नाही.” हे वाक्य मी जन्मापासून ऐकत होते. विहिरीच्या रहाटाचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसं ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

माझा भाऊ माझ्याहून लहान. मुंबईत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये लागला होता. गळा चांगला. मराठी मिस्सेसाठी नवी गाणी बसवायला तेव्हा दोन-तीन चर्चचे तरुण एकत्र जमत. तिथं त्याची एका मुलीशी ओळख झाली. ती वसईच्या एका दवाखान्यात नर्स होती. ती मावशीची थोरली मुलगी, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्यानं ते माझ्यापासूनही लपवलं नाही.

एका रविवारी जेवण झाल्यावर त्यानं घरात सांगितलं. घरातलं बोलणं आमच्या बोलीत चाले; इथं ते सरळ मराठीत देते.

“बाबा, मी लग्न ठरवलंय.”

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मुलगी चांगली असेल. मी कुठं नाही म्हणतो? शिकलेली आहे. पण ती आपली नाही.”

“कॅथलिक आहे, बाबा.”

“ते वेगळं.”

“तुम्हीच तर रोज म्हणता, आपण सगळे लाओस.”

वडील हसले. वर्गात फादर हसायचे तसंच, जरा मान कलती करून. “तू वर्गाला येत नाहीस म्हणून तुला अर्धंच कळलंय. लाओस म्हणजे वाटेल ती गर्दी नव्हे. गर्दीला दुसरा शब्द आहे. लाओस म्हणजे निवडलेली माणसं. मूळ अर्थ बघ. आपल्या नायकाच्या मागं चालणारी, आपली माणसं.”

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. जन्मभर ज्या गोष्टीला त्यांच्याकडे नाव नव्हतं, नुसतं दोन बादल्या पाणी होतं, तिला आता ग्रीक नाव मिळालं होतं.

पुढच्या आठवड्यात मावशी आमच्याकडे आली. या खेपेला पुढच्या दारानं, टोपलीशिवाय. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली माळली होती. बरोबर तिचा भाऊ होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. हातात मिठाईचा पुडा. वर्षानुवर्षं ती आमच्या घरी येत होती, पण आमची ओटी तिनं आतून कधी पाहिली नव्हती. ती बाकाच्या अगदी कडेवर बसली.

वडील नीट बोलले. तेच तर. “बस, बस,” म्हणाले. समुद्राची चौकशी केली, होड्या कशा आहेत विचारलं. कॉफी मागवली. आईनं चांगल्या कपांत ओतलेली कॉफी वडिलांनी आत येऊन पाहिली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “ते वाडीवरच्या माणसांचे पेले आहेत ना, त्यांत दे.” कप तसेच ट्रेमध्ये ठेवून आई बाहेर गेली आणि तिनं मावशीच्या हातात कप दिला. वडिलांनी ते पाहिलं.

मावशी म्हणाली, “दादा, पोरांनी ठरवलंय. माजी पोर कामाला वाघ हाय. तुमच्या घरात काय कमी पराचं नाय.”

“विचार करू,” वडील म्हणाले. “घाई कशाला?”

ती दोघं उठली. आमच्या अंगणातून फाटकापर्यंत लांब वाट होती, दोन्ही बाजूंनी केळी. ती निम्म्या वाटेत असतील-नसतील, तोवर वडिलांनी गड्याला हाक मारून ओटी धुवायला सांगितली होती. त्यानं बादलीत फिनेल ओतलं. बाक उलटा केला. पाणी फरशीवरून पायरीवर वाहू लागलं, पांढरट, फेसाळ.

आणि मावशी परत आली. छत्री विसरली होती.

ती पायरीखाली उभी राहिली. पाणी तिच्या चपलेपर्यंत आलं. तिनं आधी पाण्याकडं पाहिलं, मग उलट्या बाकाकडं, मग वडिलांकडं. वडील म्हणाले, “कोंबड्या फार घाण करतात.” आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या. आमच्या घरी कोंबड्या नाहीत, हे मावशीइतकं चांगलं कुणाला माहीत असणार?

छत्री मी नेऊन दिली. ती घेताना तिनं माझ्या खांद्याला लावायला उचललेला हात मधेच मागं घेतला. त्या आवरलेल्या हातानं मला जितकी किळस आणली, तितकी त्या फिनेलनंही आणली नव्हती. तिची नव्हे. आमची. मी मागच्या अंगणात जाऊन ओकले. त्यानंतर मिठाईचा पुडा उघडायचं धाडस घरात कुणालाच झालं नाही. मुंग्या लागल्यावर आईनं तो केळीच्या बुंध्याशी पुरला.

मी आणि भाऊ फादरांकडे गेलो. मला खात्री होती, हा माणूस वडिलांना समजावेल. शब्द त्याचाच होता. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर राजेळी केळ्यांची फणी होती, आमच्याच वाडीतली; मी घड ओळखते. बोलता बोलता त्यांनी एक केळं सोललं.

“तुमचे वडील मनाने चांगले आहेत,” ते म्हणाले. “त्यांना वेळ द्या.”

मी म्हटलं, “फादर, ते तुमचा शब्द वापरून हे करताहेत. तुम्ही त्यांना सांगा, की त्याचा अर्थ असा नाही.”

“शब्दाला एकच अर्थ नसतो, टीचर. तुम्ही भाषा शिकवता, तुम्हाला हे ठाऊक आहे. संदर्भानुसार…”

“मग आमच्या संदर्भात कोणता?”

ते केळं खात राहिले. मग म्हणाले, “लग्न मुलीच्या चर्चमध्ये होऊ दे. रिवाजही तसाच आहे. इथं गावात शांतता राहील. कमिटीतल्या लोकांना दुखवून मला काम करता येणार नाही.” आणि थोड्या वेळानं, “नावंही मी मिस्सेत पुकारत नाही. बाहेरच्या बोर्डावर लावतो. चालेल ना?”

आमच्यात लग्नाआधी रविवारच्या मिस्सेत वधूवरांची नावं सगळ्यांसमोर पुकारतात. कुणाला हरकत असेल तर कळावं म्हणून. पण खरं तर ते कौतुकच असतं. नाव पुकारलं की लोक वळून बघतात, बायका हसतात. माझ्या भावाचं नाव बोर्डावर लागलं, तेही गुरांच्या इंजेक्शनच्या सूचनेखाली. मी त्या दिवसापासून वर्गाला जाणं बंद केलं. त्या गोड आवाजाचा मला वडिलांच्या फिनेलपेक्षाही अधिक वीट आला. वडील निदान आपल्या किळसेशी तरी इमानी होते.

त्याच महिन्यात आमच्या चर्चचा सण होता. वडिलांनी पिवळ्या कापडावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं: ‘आम्ही लाओस’. ते कापड दोन माडांच्या मधे बांधलं. मिस्सेनंतर मांडवात भाषणं झाली. वडील उठले. देवाच्या नजरेत उच्चनीच नाही, राजा आणि रंक एकाच टेबलाशी बसतात, दगडातूनही देव माणसं घडवतो, असं बरंच बोलले. फादर मान डोलावत होते. टाळ्या पडत होत्या. माझ्या शेजारी बसलेली बाई डोळे पुसत होती, आणि हीच बाई आदल्या दिवशी आईला म्हणाली होती, “कोळणीची पोर घरात आली की पडदेसुद्धा धुवावे लागतील गं.”

आई दुसऱ्या रांगेत बसली होती. तांबडं लुगडं, वर पांढरी ओढणी, सणाचे दागिने. भाषण ऐन रंगात असताना ती उठली. आई कधी मधेच उठत नसे. मिस्सेत खोकला आला तरी तोंडात पदर कोंबून बसे. ती रांगेतून बाहेर आली आणि मांडवाच्या मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या समोरून, घराकडे चालू लागली. वडिलांचं एक वाक्य अडखळलं. मग ते पुन्हा बोलू लागले.

घरी गेले तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. मी विचारलं, “बरं वाटत नाही का?”

“ऐकवेना,” आई म्हणाली. “उष्टं चाटून स्वच्छ केलेलं ताट वाढल्यासारखं वाटलं.”

लग्न पाचूबंदरला झालं. आमच्या बाजूनं मी आणि आई. वडिलांनी आदल्या संध्याकाळी आईला बजावलं होतं, “गेलीस तर लोकांना तोंड दाखवता येणार नाही मला.” आईनं सकाळी भात आणि नुसती डाळ करून झाकून ठेवली, तेच लुगडं नेसली आणि टांगा बोलावला. तिथं चर्चच्या दारात मावशीनं तिला पाहिलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली, जवळ येईना. आई पुढं झाली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “माझ्या घरात तुझा अपमान झाला. मी आत उभी होते.” मावशीला रडू फुटलं. मग दोघी रडल्या, आणि बँडवाल्यांना कळेना की वाजवावं की थांबावं.

जेवायला पंगतीत आईला मुख्य जागी बसवलं. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सगळीकडं होता, कारण किनारा तिथंच होता. वास होता, हे मी नाकारत नाही. आमच्या वाडीत शेणखताचा वास असतो. त्याला कुणी जात लावत नाही.

मावशी त्यानंतर आमच्या गल्लीत मासळी घेऊन आली नाही. दुसऱ्या बायका यायच्या. वडील टोपलीवर वाकायचे, कल्ले उघडायचे, नाक मुरडायचे. “पूर्वीसारखी मासळीच राहिली नाही,” असं ते पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी आई पदराआड तोंड फिरवायची.

भावानं विरारला फुलपाड्यात खोली घेतली. ऐंशीच्या दशकात तिकडं रोज नवी चाळ उठत होती. पाणी नाही, रस्ता नाही, पण कोण कुठल्या गावचा आणि कुणाचा, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. फादरांची बदली झाली, मोठ्या जागेवर झाली.

मग वडिलांना मधुमेह निघाला. पायाची जखम बरी होईना. रोज इंजेक्शन घ्यायचं, दवाखाना लांब. गावातला कंपाउंडर टाळाटाळ करायचा. शेवटी वडिलांनीच मला सांगितलं, “तिला विचार, येईल का.” नाव घेतलं नाही.

माझी भावजय यायची. ड्यूटी संपली की रिक्षानं. हात धुवायची, सुई उकळायची, इंजेक्शन द्यायची, पायाची पट्टी बदलायची. त्या जखमेला घाण सुटली होती. मी दारातूनच परत फिरायची. ती तोंडाला फडकंसुद्धा बांधायची नाही. आईनं आग्रह केला तरी जेवायला थांबत नसे. मी एकदा तिला म्हटलं, “तुझं मन मोठं आहे.”

“ताई, तसलं काही म्हणू नका,” ती म्हणाली. “मी पेशंटसाठी येते. सासऱ्यांसाठी नाही. उद्या दुसरी नर्स मिळाली तर मी सुटले.”

त्या दिवशी ती गेल्यावर वडील आपल्या दंडावरचा कापूस चिमटीत धरून बघत होते. मला वाटलं, आता काही चांगलं बोलतील. माणूस आजारात वितळतो म्हणतात. ते म्हणाले, “सुईला वास नसतो, ते एक बरं.”

त्यांना आपण काही वाईट बोललो असं वाटलंच नव्हतं. थोडा विनोद केला होता, एवढंच. त्या क्षणी मला कळलं, की राग येण्यासाठीसुद्धा समोर कुणीतरी माणूस लागतो. मला राग आला नाही. कापूस मी त्यांच्या हातातून घेतला, बाहेर जाऊन टाकला आणि हात धुतले. खूप वेळ धुतले.

ते गेले तेव्हा चर्च भरलं होतं. नव्या फादरांनी प्रवचनात त्यांच्या कार्याचा उल्लेख केला, आणि तो शब्दही उच्चारला. भावानं खांदा दिला. भावजय बाकांच्या शेवटच्या रांगेत, मावशीशेजारी बसली होती. मावशी आली होती, कारण आईनं बोलावलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आईनं वाडी चुलत्यांना कसायला दिली आणि ती फुलपाड्यात भावाकडे राहायला गेली. मी सुट्टीच्या दिवशी जायची तेव्हा ती बहुधा खाली, पाण्याच्या टँकरपाशी सापडायची. हंडा कमरेवर, ओढणी खांद्यावर. एकदा एका बाईनं तिचा हंडा मागं सारला. मला वाटलं, आई गप्प बसेल. तिनं हंडा उचलून पुन्हा जागेवर ठेवला आणि आमच्या बोलीत अशी काही सुनावली, की त्या उत्तरेकडच्या बाईला एक शब्द कळला नसूनही ती बाजूला झाली. हंडा भरल्यावर आई मला म्हणाली, “धर गं, वर मावशी आलीय. चहाला पाणी नाही घरात.”